कोल्टनभाऊंचा उजवा खांदा

आमचे हे, म्हणजे रुपराव, पस्तीस वर्षं सीताबर्डीच्या एका टॉकीजमध्ये सिनेमाचं मशीन चालवायचे. कोल्टन नावाचा एक अमेरिकन नट त्यांचा इतका लाडका, की लग्नानंतरचा आमचा पहिला अबोला त्याच्यापायीच झाला. बेसाच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या माहेरच्या कुणाचा फोटो नाही. ‘कोल्टनभाऊ’ मात्र सोफ्याच्या वर, घोड्यासकट.

गंमत अशी, की ह्यांना इंग्रजीतलं ओ का ठो कळत नाही. त्यातून केबिनमध्ये मशीनची घरघर. वीतभर खिडकीतून पडदा दिसायचा, ऐकू काही यायचं नाही. गोष्ट हे मनानेच रचायचे. पुढे कोल्टनभाऊ म्हातारे होऊन टीव्हीवर जज झाले. ती मालिकाही ह्यांनी अकरा वर्षं आवाज बंद करूनच पाहिली. “आवाजानं ध्यान भटकते,” म्हणे.

गेल्या महिन्यात कोल्टनभाऊ त्र्याण्णवाव्या वर्षी गेले. महाल भागातल्या एका फिल्म सोसायटीने ह्यांना त्यांच्या साठ वर्षांच्या कारकिर्दीवर बोलायला बोलावलं. ह्यांनी शर्टाला दोनदा इस्त्री केली. मला मात्र धडकी भरली. जन्मभर मी ह्यांची थट्टा केली, पण दुसरं कुणी हसलेलं मला खपणार नव्हतं.

आणि झालंच तसं. पडद्यावर एक तुकडा दाखवला, कोल्टन एका बाईला पाण्याचा ग्लास देतो तो. हे कौतुकाने म्हणाले, “ह्या पिच्चरमध्ये भाऊ बायकोची लय सेवा करते.”

सोसायटीचे प्राध्यापक गौरांग हसू दाबत म्हणाले, “रुपरावजी, तो खुनी आहे. पाण्यात विष आहे.”

सगळा हॉल हसला. मी तोंडाला पदर लावला. मला रडू येत होतं.

“असंन,” हे शांतपणे म्हणाले. “पण गिलास डाव्या हातानं काहून देऊन राहिला? याच्या आधीच्या पिच्चरमध्ये भाऊ घोड्यावरून पडते. ते पडणं खरं होतं. मी ते रीळ चार आठवडे चालवलं. त्यानंतर उजवा खांदा वर गेलाच नाही. टोपीबी डाव्या हातानं काढे. जज काहून झाला? बसून काम करता येते म्हणून. दुखणं लपवून माणूस काम करून राहिला होता, आन् तुम्ही डायलॉग ऐकून राहिले होते.”

गौरांगांनी तोच तुकडा आवाज बंद करून पुन्हा लावला. मग त्यानंतरचा एक, मग जजचा. या वेळी कुणी हसलं नाही. खांदा सगळ्यांना दिसत होता.

टाळ्या चालू असतानाच हे स्टेजवरून उतरायला निघाले. आधी टेबल धरलं, मग कठडा, आणि उजवा पाय ओढत एकेक पायरी उतरू लागले. मी धावत जाऊन हात दिला.

“अहो, गुडघा कधीपासून दुखून राहिला तुमचा?”

“पाच वर्षं झाली. तू चूप बसून पाहिलं असतं, तर तुले दिसलं असतं वं.”

बेसा येईपर्यंत ऑटोत मी एक शब्द बोलले नाही. नुसती पाहत होते.