लाल दिवा विझवणारा बाबा

भरदुपारी घाऊक बाजारामागच्या गाडीतळावर पाय ठेवायला जागा नव्हती. टेम्पोवाले, पिकअपवाले, हमाल, चहावाला, सगळ्यांनी एका जुन्या पांढऱ्या पिकअपभोवती कोंडाळं केलं होतं. चार लाख किलोमीटर पळालेली गाडी. मागच्या नळीतून निळा धूर येत होता आणि स्टिअरिंगमागे ऑइलचा लाल दिवा मिचमिचत होता. कानात डॉक्टरची नळी अडकवून इंजिनबाबा बॉनेट तपासत होते.

"गाडी म्हातारी झालेली नाही," बाबांनी डोळे मिटूनच निदान केलं. "ती रुसली आहे. चार लाख किलोमीटरमध्ये कुणी तिला प्रेमानं विचारलं का, की बाई, तुला काय होतंय?"

कुणीच विचारलं नव्हतं. दोघाचौघांनी माना खाली घातल्या.

बाबांच्या चेल्यानं जुनं ऑइल काढून टाकलं. मग बाबांनी बॉनेट उघडून वर पांढरी चादर टाकली. उपचार चालू असताना रोग्याकडे टक लावून बघू नये, एवढी तरी लाज बाळगा, असं बजावून ते चादरीखाली शिरले. पुटपुटणं ऐकू आलं, गुलाबाचा वास सुटला आणि चादरीच्या कडेखालून लालसर तेलाची संथ धार इंजिनात जाताना दिसली.

"मारा स्टार्टर!"

गाडी सुरू झाली. सगळे धुराच्या नळीकडे बघत राहिले. धूर जवळजवळ नव्हताच. इंजिनाची खडखड दबली होती, आणि लाल दिवा ठार विझला होता. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आता पंधरा दिवस ऑइल बघायची पट्टी ओढायची नाही," बाबा म्हणाले. "पट्टी ओढली की श्रद्धेला भोक पडतं!"

गर्दीच्या मागे गॅरेजवाला मेस्त्री उभा होता. गाडी त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. रोज पहाटे ती डोंगरावरच्या दवाखान्यात ऑक्सिजनच्या टाक्या पोचवायची. वीस वर्षं या गाडीचं काम मेस्त्रीच करत आला होता. हे तेल दाट आहे, म्हणून धूर आणि आवाज दबलाय, हे त्यानं ओतताना धार पाहूनच ओळखलं होतं. दिव्याचं कोडं मात्र त्याला सुटत नव्हतं. पण बोलणार कोणत्या तोंडानं? महिन्यापूर्वी नव्या गाड्यांचं महागडं पातळ ऑइल त्यानंच या गाडीत टाकलं होतं. झिजलेल्या इंजिनात ते टिकलं नाही. धूर वाढला आणि दिवा मिचमिचायला लागला तो तेव्हापासून.

संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. भावोजी जेवत होते.

"भावोजी, एकदा बॉनेट उघडू द्या मला."

"पंधरा दिवस नाही. बाबांनी सांगितलंय."

"सकाळच्या गारठ्यात ते तेल वरपर्यंत चढणार नाही. इंजिन कोरडं फिरेल."

भावोजींनी घास खाली ठेवला. "तुझ्या ऑइलनं धूर काढला, त्यांच्या तेलानं थांबवला. आता कुणाचं ऐकू, तूच सांग."

बहीण पोळी भाजता भाजता भावाकडे बघत होती. त्यानं नुसतं म्हणायचं होतं, माझं चुकलं. तेवढं म्हटलं असतं तर पुढचंही त्यांनी ऐकलं असतं. पण वीस वर्षं मुरलेला मेस्त्री तो! ते न म्हणताच पाणी पिऊन तो घरी आला.

पाचव्या दिवशी पहाटे बहिणीचा फोन आला.

"गाडी चढावर बंद पडली रे. टाक्या गाडीतच आहेत. दवाखान्यातून सारखे फोन येतायत त्यांना."

मेस्त्री गॅरेजची व्हॅन घेऊन निघाला. भावोजी रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसले होते. दोघांनी आठ टाक्या व्हॅनमध्ये चढवल्या. दवाखान्याच्या दारात नर्स वाट बघत होती. "शेवटची टाकी संपत आलीय," एवढंच म्हणून तिनं पहिली टाकी स्वतःच आत ढकलत नेली. दोघं बाहेरच्या बाकावर बसून राहिले. सगळे पेशंट ठीक आहेत, असा निरोप अर्ध्या तासानं आला.

चढावर परत येऊन मेस्त्रीनं पिकअपची किल्ली फिरवली. इंजिन जाम झालं होतं, जागचं हललं नाही. ते अपेक्षितच होतं. पण किल्ली फिरवल्यावर पेटायला हवा तो ऑइलचा लाल दिवासुद्धा पेटला नाही. त्यानं बॉनेट उघडलं. ऑइलचा दाब कमी झाला की लाल दिवा पेटवणाऱ्या स्विचची वायर काढून, नीट वाकवून मागे खोचून ठेवली होती.

"चादरीखाली हा चमत्कार झाला, भावोजी. इंजिन बोंबलू नये म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबला."

भावोजींनी ती वायर बोटात धरली. "हे त्या दिवशीच का नाही बघितलंस? मी नाही म्हटलं म्हणून ऐकणारा आहेस का तू?"

कारण मेस्त्रीला ठाऊक होतं: आधी स्वतःची चूक कबूल करावी लागली असती.

दुपारी गाडीतळावर बाबांची चादर पुन्हा पसरणार, इतक्यात भावोजींना सोबत घेऊन आलेला मेस्त्री पुढे झाला.

"बाबांनी बरी केलेली गाडी कुणाकुणाची?"

सहा हात वर झाले.

"इंजिन चालू करू नका. नुसती किल्ली फिरवा आणि ऑइलचा लाल दिवा बघा. आता ज्यांची केली नाही, त्यांनीही फिरवा."

बाकीच्या सगळ्या गाड्यांत दिवे पेटले. सहा गाड्यांत अंधार! गर्दीत कुजबुज सुरू झाली.

"अविश्वासू माणूस जवळ असला की दिवा लागत नाही," बाबा कडाडले.

"मी लांब जातो. तुम्ही फिरवा किल्ली."

बाबांनी जवळच्या टेम्पोची किल्ली फिरवली. दिवा लागला नाही. मग टेम्पोवाल्यानंच बॉनेट उघडलं आणि मेस्त्रीनं बोट दाखवलं तिथली सुटी वायर जागच्या जागी बसवली. लाल दिवा टक्क पेटला. बाबांच्या चेल्यानं चादरीची घडी घालायला घेतली, आणि ती पुरी व्हायच्या आत दोघंही रिक्षात बसले होते.

"एक बाबा गेला," मेस्त्री म्हणाला, "दुसरा इथंच उभा आहे. भावोजींच्या गाडीत पातळ ऑइल मी टाकलं. नवं आहे, महाग आहे, म्हणजे चांगलंच असणार, एवढ्याच भरवशावर. गाडीबरोबर मिळालेलं माहितीचं पुस्तकसुद्धा उघडलं नाही. आणि चूक कळल्यावर गप्प बसलो. माझं चुकलं. आज पहाटे माणसं मेली असती."

मग चहावाला म्हणाला, "जाऊ द्या हो मेस्त्री. आता तुम्हीच सांगा कुठलं ऑइल टाकायचं. तुम्ही म्हणाल ते डोळे झाकून टाकतील हे!"

"डोळेच झाकू नका!" मेस्त्री इतक्या जोरात ओरडला की चहावाला दचकला. "जुन्या गाडीला पुस्तकात लिहिलेल्या दाटपणाच्या नंबरचं ऑइल घ्या. ते फारच जळत असेल, तर पुस्तक परवानगी देतं तेवढंच, एखादी पायरी दाट."

"का?"

प्रश्न भावोजींनी विचारला होता. वीस वर्षांत पहिल्यांदाच. त्यांची गाडी तिकडे चढावर मरून पडली होती आणि उद्या टाक्या कशा न्यायच्या हे त्यांना माहीत नव्हतं.

"कारण झिजलेल्या फटीतून पातळ ऑइल निसटतं आणि फार दाट असेल तर थंड इंजिनात वेळेवर पोचत नाही," मेस्त्री म्हणाला. "आणि झिजलेलं लोखंड कुठलंच ऑइल भरून काढत नाही. त्याला इंजिन उघडावं लागतं. जो पट्टी ओढू नका म्हणेल, चादरीखाली काम करेल, त्याला गाडी देऊ नका. मग तो बाबा असो नाहीतर मी."

भावोजींनी मान हलवली. "उद्या पहाटे तुझी व्हॅन लागेल. पण निघायच्या आधी तिची पट्टी मी स्वतः ओढून बघणार."

"बघाच," मेस्त्री म्हणाला.