क्लचवरचा पाय

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या तोंडी दिवसभर एकच वाक्य: "लक्ष रस्त्यावर!" आणि हे सांगताना त्यांचे स्वतःचे डोळे मांडीवरच्या मोबाइलमध्ये. एक व्हिडिओ संपला की अंगठा वर, दुसरा सुरू. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. आता अशा माणसाला काय म्हणावं?

मास्तरांची मुलगी अठराची झाली. ती बाबांकडेच शिकणार, असं सगळे धरून चालले होते. तिने जेवताना सांगून टाकलं, "बाबा, मी दुसरीकडे नाव घातलंय. तुमच्या शेजारी बसून गाडी चालवायची मला भीती वाटते." मास्तर ताट सरकवून उठले, आणि उठता उठता हात खिशात गेला. बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकायला सिस्टर होत्या. व्यसनमुक्ती केंद्रातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, साठाव्या वर्षी गाडीची हौस आलेल्या. वळणावर एक सायकलवाला आडवा आला. मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तो अशाच वेळेसाठी. पण मास्तर मान खाली घालून हसत होते. सिस्टरांनीच करकचून ब्रेक दाबला. सायकल वीतभर अंतरावरून गेली.

सिस्टरांनी गाडी कडेला घेतली आणि किल्ली काढून पर्समध्ये टाकली.

"सॉरी, सिस्टर. आत्ताच काढला होता बघा फोन."

"खोटं बोलू नका. निघाल्यापासून सतरा वेळा काढलात. मी गिअर शिकू की तुम्हाला सांभाळू?"

"काय करू हो? सकाळी शपथ घेतो, दुपारी मोडते. जित्याची खोड..."

"ती म्हण माझ्यासमोर नको. पहिल्या दिवशी क्लच दाबायला मला किती विचार करावा लागायचा? आणि आता?"

"पाय आपोआप जातो."

"मेंदूने ते काम सवयीकडे सोपवलं. तुमच्या हातालाही तुम्ही तसंच शिकवलंय. पुढचा व्हिडिओ भारी निघेल, असं वाटतं ना? कधी निघेल ते माहीत नसतं, म्हणून तर मेंदू हटत नाही. मिळण्यापेक्षा मिळेल-मिळेल याचीच त्याला ओढ. तिथे नुसतं 'नको' म्हणून भागत नाही. आता सांगा, कुणाला क्लचवर पाय ठेवून बसायची खोड असली तर काय करता?"

"ओरडतो," मास्तर पुटपुटले.

"सुटते त्याने?"

"नाही. पायाला दुसरी जागा द्यावी लागते. शेजारी टेकवायला लावतो. चुकला की पुन्हा."

बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं: वीस वर्षं आपण हेच औषध लोकांना देत होतो!

फोन बंद होऊन डिकीत गेला. हात खिशाकडे निघाला की तो दाराच्या हँडलवर ठेवायचा, असं ठरलं. पहिला आठवडा फार वाईट गेला. डोकं भणभणायचं, शिकणाऱ्यांवर खेकसणं वाढलं. बाराव्या दिवशी डिकी उघडलीच, अर्धा तास वाया गेला. मास्तरांनी सिस्टरांना ते कबूल केलं. त्या म्हणाल्या, "चुकलात? मग पुन्हा."

तीन महिन्यांनी लायसन घेऊन आलेली मुलगी दारात घुटमळली. "बाबा, गर्दीत एकटीला धीर होत नाही. शेजारी बसाल?"

चौकात तिची गाडी बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. मास्तरांचा हात खिशाकडे निघाला आणि हँडलवर जाऊन थांबला. मुलीने ते पाहिलं आणि गाडी सुरू केली.

मंडळी, खोड सरावाने लागते आणि सरावानेच सुटते. आपला हात कुठे जातो ते आज जरा बघा आणि त्याला दुसरी जागा द्या. शेजारी कुणीतरी आपल्या भरवशावर बसलेलं असतं.