चढावर थांबलेली स्कूटर

मित्रांनो, मी मसुऱ्यातली एक जुनी, गिअरची स्कूटर. माझे मालक बाबली मास्तर मला रविवारी पुसत, ऑईल स्वतः मोजून घालत. त्यांची मुलगी विनीता लहानपणी पुढे उभी राहून हॉर्न वाजवी. तेव्हा पेट्रोल स्वस्त होते आणि माझे कौतुक गावभर.

मास्तर गेले. विनीता ओरोसच्या सरकारी कचेरीत नोकरीला होती. तेराव्यानंतर ती मला घेऊन कामावर निघाली. रडली नाही. सकाळी किक मारायची, संध्याकाळी परत यायची. मधल्या रस्त्यात तिच्या मनात काय चाले, ते मला कधी कळले नाही. बहुधा काहीच चालत नसावे.

पेट्रोल महागत गेले, आणि मी म्हातारपणी जास्तच पिऊ लागले. पगारातला मोठा घास मीच खाई. तिची आई मथुरा एकदा म्हणाली, "विनी, बाबा गेले तां माकाय ठाऊक आसा. पण हिका पेट्रोल पाजून ते परत येवचे नाय."

"गाडी बरी चालता, आये," एवढेच विनीता बोलली. चपला घेणे तिने पुढे ढकलले, आईचे गुडघे डॉक्टरांना दाखवणेही.

शेवटी गुडघे फारच सुजले, तेव्हा ती आईला मागे बसवून ओरोसला डॉक्टरांकडे निघाली. चढावर मी बंद पडले. टाकी कोरडी. तळाचे पेट्रोल उतरावे म्हणून तिने मला एका बाजूला कलते केले, पुन्हा किक मारली. उपयोग झाला नाही. उन्हात मथुराबाई पाय ओढत चढू लागल्या आणि दगडावर बसल्या. लेकीकडे नुसत्या बघत राहिल्या.

तेवढ्यात कचेरीतली नम्रता तिच्या बॅटरीच्या स्कूटरवरून आली. "काकींका मी नेतंय, तू मागून ये," म्हणाली आणि त्यांना घेऊन गेली.

रस्ता रिकामा झाला. विनीताने माझ्या हँडलवर हात ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "माका आता झेपणा नाय."

मला काही वाटले नाही. लोखंडाला काय वाटणार? पण तिने मला सावलीत लावले, मगच ती पायी चढ चढू लागली.

पुढच्या महिन्यात तिने घाई न करता चौकशी केली. एसटीच्या वेळा कचेरीशी जुळत नव्हत्या. पेट्रोलच्या नव्या गाड्या कमी पीत, तरी रोजची धाव लांबची. जाऊन-येऊन एका चार्जिंगमध्ये पुरेल अशी बॅटरीची स्कूटर तिने हप्त्यांवर घेतली. आता ती पडवीत माझ्या शेजारी तारेला जोडून उभी असते. मथुराबाईंच्या गुडघ्यांवर उपचार चालू आहेत.

एका संध्याकाळी विनीता कामावरून आली, हेल्मेट काढले आणि पायरीवर बसून रडू लागली. खूप वेळ, मोठ्याने. मथुराबाईंनी "उगी" म्हटले नाही. जवळ बसून पाठीवर हात फिरवत राहिल्या.

मित्रांनो, गाडी पुसा, तिची हवा तपासा, तिची निगा राखा. पण तिची वेळ संपली की तिला विसावू द्या. तिच्यापायी मागच्या सीटवरच्या जिवंत माणसाला उन्हात चालायला लावू नका.