चपला घालून आलेलं भूत

चला, मनातल्या मनात जरा मंगळवार पेठेत जाऊ. डोळे मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? ही बघा तालीम. मधोमध कुस्तीचा हौदा, त्यात तेल, ताक आणि हळद घालून मळलेली लाल माती. आला वास? आता त्या मातीत बसलेली क्रांती बघा. अकरा वर्षांची आहे. तिला घाबरायचंय, आणि तिला हसू आवरत नाहीये.

तालमीत भुतांच्या मालिकेचं शूटिंग चाललं होतं. कुस्ती शिकणारी मुलगी हवी म्हणून क्रांतीला घेतलं होतं. भूत झाले होते पिराजी वस्ताद, तिला रोज डाव शिकवणारे.

"हसतीस काय? भूत हाय मी," वस्ताद गुरगुरले.

"वस्ताद, मिशीला पावडर लागलीया तुमच्या."

तिसऱ्यांदा शॉट फुकट गेला. दिग्दर्शिका मधुवंतीताई तिच्याजवळ येऊन बसल्या. "क्रांती, अजून एकदाच. नाही जमलं तर तुझा प्रसंग काढावा लागेल मला."

टीव्हीवर दिसणार म्हणून क्रांतीनं अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं.

"पण ताई, मला ह्या भुताचं भ्याच वाटत न्हाय."

"खरं सांगू? मलाही नाही वाटत," ताई हळूच म्हणाल्या. "पांढरा चेहरा, मोकळे केस, करकरणारं दार. मी लहानपणापासून तेच बघत आले आणि तेच उचललं. लोकांना ते पाठ झालंय. आमच्या गावात शेकोटीपाशी गोष्टी सांगणारे एक आजोबा होते. ते भूत कधी दाखवायचेच नाहीत. आवाज खाली आणायचे आणि ऐन वेळी गप्प बसायचे. उरलेलं भूत आम्हीच तयार करायचो."

तेवढ्यात आवाजाची बाजू सांभाळणारा यशराज वैतागून म्हणाला, "ताई, भुताच्या चपलांची करकर येतच नाहीये."

येणार कशी? करकरत्या कोल्हापुरी चपला दाराबाहेर नीट काढून ठेवलेल्या होत्या.

"वस्ताद, भुताच्या पायात चपला हव्यात ना?" यशराजनं विचारलं.

"तालमीत चपला? डोकं फिरलंय व्हय? भूत झालो म्हणून काय रीत सोडू?"

सगळे हसले. क्रांती मात्र हसली नाही. तिच्या हातावर सर्रकन काटा आला होता.

"ताई, हितं कुणीच चपला घालून येत न्हाय. चुकून आलेला पावणासुदिक दारात काढतोय. मग आत चपला वाजल्या, तर जे आलंय ते..."

तिनं वाक्य तिथंच सोडलं. मधुवंतीताई इतक्या झटकन उठल्या की त्यांचा चष्मा मातीत पडला.

"दिवे बदला! वस्ताद, पावडर पुसा. तुम्ही दिसणार नाही. बाहेर, मागच्या खिडकीपाशी, फरशीवर चालायचं. आणि क्रांतीच्या बरोबर पाठीमागे येऊन थांबायचं."

"म्हंजे माझं तोंड दिसणार न्हाय?" वस्तादांचा चेहरा पडला. "घरात सगळ्यास्नी सांगितलंय की." पण चपला उचलून ते बाहेर गेले.

कॅमेरा सुरू झाला. हौद्यात क्रांती एकटी. कुणी खोकलंसुद्धा नाही.

कर्र.

बाहेर वस्तादच आहेत, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी तिनं पाय जवळ ओढून घेतले.

कर्र... कर्र...

आवाज जवळ आला. आणखी जवळ आला. आणि बरोबर तिच्या पाठीमागे येऊन थांबला.

इथं तिनं किंचाळून पळायचं, असं ठरलं होतं. क्रांती पळाली नाही. कुस्तीआधी घेतात तशी तिनं मूठभर माती घेतली, घट्ट आवळली, आणि मागे न बघता, अगदी बारीक आवाजात म्हणाली,

"पावणं, चपला भाईर काढून या की."