रिकाम्या रकान्यातला शब्द

नातीचा पहिला दात पडला, त्याच वर्षी मी वाचायला शिकले. वय एकसष्ट. मुलगा थट्टा करायचा, "एकीचे दात पडतायत, दुसरीला अक्षरं फुटतायत."

सून घरी बसून इस्पितळांच्या संगणकावरचे शब्द मराठीत करायची. एकदा तिनं विचारलं, "आई, एखादी माहिती भरलीच नसेल, तर त्या रकान्यात काय दिसावं? 'नोंद केलेली नाही' लिहू?"

"एवढं लांबलचक कोण वाचणार? नुसतं 'नाही' लिही."

साक्षरतेच्या वर्गात मी तेच करायची. जागा कोरी दिसली की बाई ओरडतील, म्हणून 'नाही' लिहून मोकळी व्हायची. सून हसली. "तुम्हाला कळलं म्हणजे सगळ्यांना कळेल," म्हणाली आणि तसंच पाठवून दिलं.

दोन महिन्यांनी माझी धाकटी बहीण तापानं फणफणली. इस्पितळात नेलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. तिला खाटेवर घेतलं, शेजारी संगणकाचा पडदा लावला. त्यावरचं एकेक अक्षर मी सवयीनं जुळवत गेले. नाव. वय. मग, 'औषधाची ॲलर्जी: नाही.'

लहानपणी पेनिसिलिनच्या एका सुईनं तिचा गळा सुजला होता, ओठ निळे पडले होते. आणि इथं आम्हाला कुणी काही विचारलंच नव्हतं.

नर्स सुई भरून वळली.

"थांब गं! पेनिसिलिन आहे का ते? तिला चालत नाही!"

"आजी, इथं स्पष्ट 'नाही' लिहिलंय."

"अगं, ते मीच लिहिलंय!"

नर्सनं माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं. "आजींना जरा बाहेर बसवा रे."

मी बहिणीचा दंड दोन्ही हातांनी झाकला. सोडला नाही. गलका ऐकून डॉक्टर आले. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि औषध बदललं.

बाहेर येऊन सुनेला फोन लावला, सगळं सांगितलं.

"आई, तो शब्द चाळीस इस्पितळांत गेलाय."

तिनं त्याच मिनिटाला कंपनीला कळवलं. तरी सगळीकडे बदलायला चार दिवस लागले. ते चार दिवस फोन वाजला की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. उचलायचं धाडस कुणालाच होत नव्हतं.

बहीण आठवड्यानं घरी आली. त्या चार दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी, सकाळी दहाला, दुसऱ्या एका इस्पितळात एक सुतार, पडद्यावरचं 'नाही' वाचून तशीच सुई टोचल्यावर, वारला. वय एकेचाळीस.