खापर किती लांब

आमचे सासरे चुनीलाल धडधाकट होते तेव्हाही बायकोशी तीनच शब्द बोलायचे: ये, आण, चाल. लकवा झाला आणि ते तीन शब्दही गेले. उजवं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं, जीभ बंद. मी त्यांची सून, मोहिनी. खरं सांगायचं तर मला घरात फार फरक जाणवला नाही. सासूबाईंना जाणवला. सिंधुबाई दिवसभर खाटेजवळ बसून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या, एखादं 'आण' तरी येईल म्हणून.

डॉक्टर म्हणाले, पायाला व्यायाम हवा, सायकल मारल्यासारखा. माझा नवरा योगेंद्र सुरतेला असतो. तो तिकडून फोनवरच व्यायामाचं मशीन मागवायला निघाला. सासूबाई अडून बसल्या. माणूस आपली सायकल ओळखेल, मशीन कसं ओळखेल, असं त्यांचं म्हणणं. आता ती सायकल केळीच्या शेतात, खोपीत पडलेली. म्हणजे तिचा सांगाडा पडलेला. सीट उंदरांनी कुरतडलेली, चेन गंजून एकजीव झालेली आणि चाकं कुणी नेली देव जाणे.

मी तो सांगाडा टेम्पोत टाकून कोरीटहून नंदुरबारला दगाच्या दुकानात नेला. दगा भंगारातल्या सायकली खोलतो आणि एकीचं दुसरीला लावून विकतो. त्याने जे उभं केलं ते बघून मला हसूच फुटलं. हँडल लेडीज सायकलचं, एक पायडल लोखंडी तर एक रबरी, पुढचं चाक बारीक, मागचं जाड, चेनकव्हर पोपटी. सीट तेवढी झकास होती. रुंद, चामड्याची, कुणीतरी वर्षानुवर्षं बसून मऊ केलेली.

अंगणात ती डबल स्टँडवर उभी केली. मागचं चाक अधांतरी, त्यामुळे कितीही पायडल मारा, सायकल जागच्या जागी. सासऱ्यांना वर बसवायचं, कमरेला जुनं लुगडं बांधून ते खिडकीच्या गजाला अडकवायचं, लुळा पाय पट्टीने पायडलला बांधायचा, आणि मग चांगल्या पायाच्या जोरावर त्यांनी चालवायचं. रोज दुपारच्या चहानंतर आमचा हा कार्यक्रम. शेजारच्या बाया फुकटचा तमाशा बघायला जमायच्या, त्यांना मीच हाकलायची.

एक दिवस सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन जवळ उभ्या होत्या. सासरे पायडल मारता मारता थांबले, मान वळवली आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "बाई, घोटभर पाणी मिळेल का?"

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. ते बोलले याचं नवल होतंच, पण आमच्या सासऱ्यांनी जन्मात असली पुस्तकी मराठी काढली नव्हती. कलेक्टर कचेरीत साहेबाशीसुद्धा ते अहिराणीत भांडून आले होते. सासूबाईंनी पाणी दिलं. ते प्यायले आणि खापर किती लांब आहे म्हणून विचारू लागले, अक्कलकुव्यापलीकडचं ते गाव. लई दूर, असं सासूबाई कशाबशा म्हणाल्या. त्यांनी मान हलवली, पायडलवर पाय ठेवला आणि सहज, वाटेवरच्या अनोळखी बाईला विचारावं तसं विचारलं, "तुमचं जेवण झालं का?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

खाली उतरवलं की पुन्हा मुके. मला वाटलं, म्हातारा सोंग करतोय. मी खाटेपाशी जाऊन नाही नाही ते बोलून बघितलं, भांडण उकरून काढलं. ते नुसते आढ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते तापीच्या पुलावर होते. वारा फार आहे म्हणाले. पुढे तळोद्याच्या अलीकडे त्यांना उन्हाचा त्रास झाला, तळोद्यात चहा बरा मिळाला. रोज थोडा रस्ता सरायचा, रोज सासूबाई त्यांना नवीनच कुणी बाई वाटायच्या, आणि रोज पाणी पिऊन झालं की ते त्यांच्या जेवणाची चौकशी करायचे. एकदा त्यांना उतरवताना मला पायजम्याच्या काठाला कुसळं चिकटलेली दिसली. आमच्या अंगणात गवताची काडी नाही, मी रोज झाडते. मी ती एकेक करून उपटली आणि चुलीत टाकली.

सासूबाईंना मात्र भीती शिवली नव्हती. दुपार व्हायच्या आत त्या केस विंचरायच्या, धुतलेलं लुगडं नेसायच्या, तांब्या घासून लख्ख करायच्या. मी थट्टा केली तर चक्क लाजल्या. त्या वयात त्यांना लाजताना बघून मी पुढची थट्टा गिळली.

सायकलीला लावलेले तुकडे कुणाकुणाचे ते विचारायला मी दगाला गाठलं. आधी तो उडवाउडवी करू लागला, मग बोलला. सीट खापरच्या एका गुरुजींच्या सायकलची. त्यांची शाळा इकडे नंदुरबारजवळ होती आणि सुट्टी लागली की ते सायकलनेच घरी जायचे. एकदा असेच निघाले आणि तापीच्या पुलाअलीकडे ट्रकने उडवलं. घरी पोचलेच नाहीत. बायको धनुबाई अजून खापरला एकटीच राहते.

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. सीट काढू, त्या बाईला नेऊन देऊ, म्हटलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्यासना पायले आराम पडी ऱ्हायना."

आराम कसला पडतोय, पाय होता तसाच होता. मी चिडून म्हणाले, गुरुजी घरी पोचले की उतरतील, मग हे बोलणंही संपेल, तेव्हा काय कराल? त्यांनी लुगड्याचा काठ चिमटीत धरला.

"इतला वरीसमा माले कोन्ही इचारं नही," त्या म्हणाल्या, "जेवनी का म्हनीसन."

मीही कधी विचारलं नव्हतं.

अक्कलकुवा मागे पडलं त्या दिवशी सासूबाईंना घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्या तांब्या घेऊन सकाळपासूनच अंगणात. दुपारी सासऱ्यांना बसवलं. त्या दिवशी ते जोरात पायडल मारत होते, घाईत असल्यासारखे. मग एकदम थांबले. समोर आमच्या गोठ्याची भिंत, पण ते तिच्या आरपार कुठेतरी बघत होते. तोंडाचा वाकडेपणा पार गेला होता.

"पोचलो वाटतं, बाई," ते म्हणाले. "ही खापरचीच वेस ना? त्या ओट्यावर उभी आहे ती आमची धनुच. मला जरा उतरू द्या."

लकव्याने लुळा पडलेला त्यांचा उजवा हात वर आला आणि कमरेची गाठ चाचपू लागला. मला रडू फुटलं. काहीही असो, माणूस घरी पोचला होता. मी गाठ सोडायला पुढे झाले, तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. एवढा जोर त्यांच्यात कुठून आला कोण जाणे.

"हाई खापर नही, गुरुजी," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही रस्ता चुकनात. मांगे फिरा, तळोदाले जाईसन इचारा."

ते कितीतरी वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग हात गाठीवरून गळून खाली पडला.

"असं होय? मला अगदी ओळखीचं वाटलं." त्यांनी मान झुकवून नमस्कार केला. "उपकार झाले, बाई."

आणि हँडल उलटं वळवून ते पुन्हा पायडल मारू लागले. सासूबाईंनी माझं मनगट सोडलं, कपाळावरचा घाम पुसला आणि तांब्या भरून आणायला आत गेल्या. इतके दिवस मला गुरुजींची भीती वाटत होती. त्या दुपारपासून मी सासूबाईंना घाबरते.