येळवशीची पाहुणी

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, अख्खं लातूर रिकामं होतं आणि शेतं भरतात. क्लासच्या पोरांसाठी मी चालवते ती मेस मीही बंद ठेवली आणि पालेभाज्या नि ओल्या दाण्यांच्या भज्जीचा डबा घेऊन निलंग्याजवळच्या आमच्या शेतात गेले. आमच्या म्हणायची खोड अजून जात नाही.

गेल्या वर्षी धाकटा भाऊ संगमेश हैदराबादहून आला होता. लोकांनी पैसा कुठं गुंतवावा, हे सांगणं त्याचा धंदा. म्हणाला, "अक्का, अर्ध्या शेताचं तू काय करणार? मला हक्कसोड दे. बदल्यात युरेनियमच्या खाणीचे माझे शेअर तुझ्या नावावर करतो. अणुविजेला मागणी वाढायलीय."

परदेशातली खाण मी कशाला बघायला जाते? पण वाटा मला कळत होता. वडिलांचं शेत दोघांत वाटलं, की उद्या त्यात तिसरा घुसत नाही. खाणीचंही तसंच, असं मी धरून चालले. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी भावाच्या शब्दावर रजिस्ट्री ऑफिसची चढले.

दिवाळीनंतर शेअर कोसळले. फोन केला, तर "थांब अक्का, घाई करू नको" एवढंच.

आज कडब्याच्या कोपीत नैवेद्याचं ताट भरताना त्याची बायको विशाखा सहज बोलून गेली. तिच्या पोटात काही राहत नाही, हा तिचा गुणच. "त्या खाणीकडं खोदायला पैसा नव्हता. म्हणून कंपनीनं कर्जरोखे काढले. यांनी तेच घेतले. कर्ज फिटलं न्हाई तर रोख्यांच्या बदल्यात नवे शेअर द्यायचे, असं ठरलं होतं. आता खाण रोखेवाल्यांचीच झाली. जुन्या शेअरवाल्यांच्या हाती काय न्हाई उरलं."

"कधी घेतले रोखे?"

"तुमची हक्कसोड झाली, त्याच आठवड्यात."

संगमेश पाच दगडांच्या पांडवांना कुंकू लावत होता. मी त्याच्याजवळ जाऊन विचारलं, "तुला ठाऊक होतं ना?"

"बाजार हाय अक्का. खात्री कुणालाच नसती."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"तू विचारलं न्हाईस."

शेत गेल्याचं दुःख झालंच. पण माझ्या हातची भज्जी खाऊन वाढलेल्या पोरानं मला नीट तोलून फसवलं, हे जास्त लागलं.

वडील गेल्यापासून आंबिलीचं मडकं मी डोक्यावर घ्यायचे आणि संगमेश शेताच्या कडेनं आंबील शिंपडत चालायचा. आजही त्यानं मडकं माझ्यापुढं धरलं. "चल अक्का, उशीर होतोय."

मी ते विशाखाच्या हातात दिलं. "फेरी मालकिणीनं घालायची."

ती दोघं फेरी घालून आली, तोवर मी कोपीत पंगतीला बसले होते. संगमेशनं पहिलं ताट माझ्यापुढं ठेवलं. पाहुण्यांना आधी वाढायची आमच्या वडिलांची रीत तो अजून पाळतो.